लंबक, साधा : आवर्तकाल व त्याचा इतिहास
वजनरहित, न ताणणाऱ्या दोऱ्यास टांगलेल्या बिंदुरूप वस्तुमानास साधा लंबक म्हणतात. लहान दोलनांकरिता त्याचा आवर्तकाल लांबीच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात व गुरुत्वीय प्रवेगाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वस्तुमानाचा त्याच्याशी संबंध नसतो.

दोलनांचा काल परमप्रसरावर अवलंबून नसतो, असे गॅलिलीओ यांनी १६०२ मधील एका पत्रात प्रतिपादन केले. पीसा येथील झुंबराची प्रसिद्ध कथा मात्र त्यांचे शिष्य व्हीव्ह्यानी यांनी मागाहून सांगितलेली आहे. दावाही तंतोतंत खरा नाही : परमप्रसर ३०° असल्यास आवर्तकाल सु. १·७ टक्क्यांनी वाढतो.

क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ सिद्ध केले आणि १६७३ च्या हॉरोलॉजियम ऑसिलेटोरियम या ग्रंथात गणिती उपपत्ती मांडली. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाण्याचा काल व लंबकाच्या निम्म्या लांबीइतक्या पतनाचा काल यांचे गुणोत्तर वर्तुळाचा परिघ व व्यास यांच्या गुणोत्तराइतके असते, असे त्यांनी दाखविले. पॅरिस येथील सेकंद लंबकाची लांबी ३ फूट ८·५ रेषा (सु. ९९·४ सेंमी.; रेषा म्हणजे पॅरिस इंचाचा बारावा भाग) होती. तीवरून पहिल्या सेकंदातील पतन सु. ४·९ मी. येते. पडणारी वस्तू प्रत्यक्ष मोजून इतकी अचूकता तेव्हा मिळणे अशक्यच होते. हीच लांबी सर्व जगाकरिता प्रमाण मानावी, अशी हायगेन्झ यांची अपेक्षा होती.

तिला धक्का बसला तो झां रीशे यांच्या निरीक्षणांमुळे. विषुववृत्ताच्या उत्तरेस सु. ५° वर असलेल्या केयेन (फ्रेंच गियाना) येथे १६७२-७३ मध्ये त्यांना सेकंद लंबक १·२५ रेषांनी, म्हणजे सु. २·८ मिमी.ने, आखूड करावा लागला. तसे न केल्यास घड्याळ दिवसाला सु. दोन मिनिटे मागे पडले असते. उष्णतेने दांडा लांबला असावा, ही शंका स्वाभाविक होती. परंतु लोखंडी दांडा इतका प्रसरण पावण्यास तापमान २०० अंश सेल्सिअसहून अधिक वाढावे लागेल. न्यूटन यांनी प्रिन्सिपियामध्ये (१६८७) ही घट पृथ्वीच्या परिभ्रमणाशी व ध्रुवांकडील चपटेपणाशी जोडली. केवळ केंद्रोत्सारी प्रेरणेने सु. ०·८५ रेषांचीच घट येते, उरलेली चपटेपणामुळे. पृथ्वी ध्रुवांकडे लांबट आहे, असे कासीनी पितापुत्रांचे मत होते. मोपेर्त्यूई यांच्या लॅपलँड मोहिमेतील (१७३६-३७) मोजणीने ते मागे पडले.

स्थानपरत्वे बदलणारी ही लांबी फ्रेंच अकादमीने १७९१ मध्ये बाजूस सारली व मीटरसाठी रेखावृत्ताचा आधार घेतला.