लिनक्सवर फाइल सर्व्हर कसा जोडतात आणि त्याचा पासवर्ड कुठे ठेवतात?

कार्यालयातल्या विंडोज सर्व्हरवरचे किंवा घरातल्या नॅसवरचे फोल्डर लिनक्स संगणकावर आपल्याच डिस्कवर असल्यासारखे वापरता येते. या जोडणीला ‘माउंट करणे’ म्हणतात. जोडणीला एक कमांड पुरते. पण सर्व्हर युजरनेम आणि पासवर्ड मागतो, आणि संगणक सुरू होताना तो टाइप करायला कोणी बसलेले नसते. म्हणून पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. तो चुकीच्या जागी लिहिला, तर त्या संगणकावर काम करणाऱ्या कोणालाही सर्व्हरवरच्या फाइली उघडता येतात.

माउंट म्हणजे काय?

विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्हला सी, डी असे अक्षर असते. लिनक्समध्ये सगळे फोल्डर एकाच झाडाच्या फांद्या असतात. सर्व्हरवरचे फोल्डर या झाडातल्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर बसवले जाते. जोडणी झालेली नसताना त्या फोल्डरात फाइली ठेवल्या, तर त्या सर्व्हरवर न जाता स्थानिक डिस्कवरच राहतात. बॅकअप घेताना ही चूक महागात पडते.

एसएमबी आणि सिफ्स

अशा सर्व्हरशी बोलण्याची पद्धत म्हणजे एसएमबी प्रोटोकॉल. त्याचा उगम १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाला. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला ‘सिफ्स’ हे नाव दिले. ते नाव आता मागे पडले असले, तरी लिनक्सच्या माउंट कमांडमध्ये प्रकार म्हणून आजही सहसा सिफ्सच लिहितात. त्यासाठी ‘सिफ्स-युटिल्स’ हे पॅकेज लागते.

पासवर्ड ठेवण्याच्या तीन जागा

१. कमांडमध्येच : हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. टाइप केलेली कमांड शेलच्या हिस्टरीत साठते, त्यामुळे पासवर्डही तिथे राहतो. शिवाय पासवर्डमध्ये स्वल्पविराम असेल, तर पुढचा भाग वेगळा पर्याय समजला जातो आणि लॉगिन फसते.

२. एफस्टॅबमध्ये : संगणक सुरू होताना काय काय जोडायचे, याची यादी ‘एफस्टॅब’ या फाइलीत असते. ही फाइल सर्वसाधारणपणे त्या संगणकावरच्या प्रत्येक युजरला वाचता येते. तिथे लिहिलेला पासवर्ड म्हणजे सूचना फलकावर लावलेला पासवर्ड.

३. क्रेडेन्शियल्स फाइलमध्ये : योग्य जागा हीच. वेगळ्या फाइलीत एका ओळीवर युजरनेम, दुसरीवर पासवर्ड आणि गरज असल्यास तिसरीवर डोमेन लिहितात. फाइलीची मालकी रूटकडे देऊन परवानगी ६०० ठेवतात, म्हणजे रूटशिवाय ती कोणी वाचू शकत नाही. एफस्टॅबमध्ये फक्त या फाइलीचा पत्ता येतो. पासवर्डमधला स्वल्पविरामही इथे अडचण करत नाही.

सोबत लागणारे पर्याय

जोडलेल्या फाइली सहसा रूटच्या मालकीच्या दिसतात, म्हणून साध्या युजरला त्यात लिहिता येत नाही. ‘यूआयडी’ आणि ‘जीआयडी’ हे पर्याय देऊन मालकी ठरवता येते. ‘नेटडेव्ह’ या पर्यायामुळे नेटवर्क सुरू होईपर्यंत जोडणी थांबते. ‘नोफेल’ दिला, तर सर्व्हर बंद असला तरी संगणक सुरू होताना अडकून पडत नाही.

नेहमीच्या चुका

‘एरर १३’ म्हणजे परवानगी नाकारली. बहुतेक वेळा युजरनेम, पासवर्ड किंवा डोमेन चुकलेले असते. ‘एरर २’ आला, तर शेअरचे नाव तपासावे. ‘एरर ११२’ सर्व्हर बंद असल्याचे सांगतो, पण सर्व्हर चालू असूनही हा एरर येऊ शकतो. जुन्या नॅसना फक्त एसएमबी १ समजते, आणि लिनक्स कर्नेल ४.१३ पासून ती आवृत्ती आपोआप वापरली जात नाही. ‘व्हर्स’ हा पर्याय देऊन ती सुरू करता येते, पण २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस विंडोजमधल्या याच जुन्या आवृत्तीच्या त्रुटीतून पसरला होता. नॅसचे सॉफ्टवेअर अपडेट करणे हा बरा उपाय.

या फाइलीची मर्यादा

क्रेडेन्शियल्स फाइलमधला पासवर्ड साध्या अक्षरांतच असतो. रूटचे अधिकार मिळालेला माणूस तो वाचू शकतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती काढून नेणाराही. म्हणून तिथे सर्व्हरच्या ॲडमिनचा पासवर्ड कधीही ठेवू नये. सर्व्हरवर वेगळे खाते उघडून त्याला गरजेच्या एकाच फोल्डरचा प्रवेश द्यावा, आणि फाइली फक्त वाचायच्या असतील तर लिहिण्याचा अधिकार देऊ नये. मग पासवर्ड फुटला, तरी नुकसान तेवढ्या फोल्डरपुरते राहते.

एकाच संगणकावर अनेकजण काम करत असतील, तर सर्वांसाठी एकच खाते वापरल्याने कोणी काय बदलले हे सर्व्हरला कळत नाही. अशा ठिकाणी ‘मल्टियुजर’ पर्याय आणि कर्बेरोस पद्धत वापरतात. त्यात प्रत्येकाचा प्रवेश त्याच्या स्वतःच्या ओळखीवर ठरतो.