उत्तनची ख्रिस्ती आडनावे

१४. ‘पोर्तुगिजांचे वंशज’ : मीरा रोडच्या पश्चिमेला, भाईंदरपलीकडच्या उत्तन, पाली, चौक, डोंगरी या गावांतल्या ख्रिस्ती रहिवाशांविषयी हा उल्लेख आहे. तो समज जुना असला, तरी खरा नाही. १५३४च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. मधल्या दोन शतकांत इथल्याच कोळी, कुणबी अशा कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. परेरा, डिमेलो ही आडनावे त्या वेळी मिळाली. ती पोर्तुगीज रक्ताची खूण नव्हेत.

स्थलांतरितांच्या वंशजांची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरून अनेक क्रोएशियन कुटुंबे चिलीच्या दक्षिण टोकाला, पुंता अरेनास परिसरात जाऊन वसली. २०२२मध्ये चिलीचे राष्ट्राध्यक्ष झालेले गाब्रिएल बोरिच अशाच एका घराण्यातले. तिथे आडनावावरून पूर्वजांचा देश कळतो. उत्तनमध्ये मात्र केवळ धर्मांतराचा इतिहास कळतो.

मासेमारी, शेती आणि मराठीची किनारी बोली ही या समाजाची पिढीजात ओळख आहे. वाचकांनी त्यांना परके न मानता या किनाऱ्याचे भूमिपुत्र म्हणूनच ओळखावे. — संपादक