घाणा, गोठा आणि घरातील हात

कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. शब्बाथला त्यांचा घाणा बंद राही, म्हणून हे नाव पडले. परंतु घाणा हा एकट्या कर्त्या पुरुषाचा धंदा नव्हता, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तीळ निवडण्यापासून बैलाची निगा राखण्यापर्यंत घरातील लहानथोरांचे हात त्यास लागत. तेल गळून उरलेली पेंडही वाया न जाता गुरांपुढे पडे.

घरच्या हातांनी आणि उरलेल्या वस्तूने धंदा तारल्याचे असेच एक उदाहरण आपल्या या देशात नहारिया येथे आहे. जर्मनीत हिटलरची सत्ता आल्यावर उल्म येथील रिचर्ड व हिल्डा स्ट्राउस हे दांपत्य येथे आले आणि १९३६ साली त्यांनी लहानशी दुग्धशाळा काढली. त्याच वर्षी अरबांचा उठाव सुरू होऊन रस्ते धोक्याचे झाले. गोठ्यातील दूध विकून उरे. ते नासू न देता हिल्डाबाईंनी त्यापासून चीज बनविण्यास आरंभ केला. १९४८ च्या युद्धात पश्चिम गालील काही काळ उर्वरित देशापासून तुटला. १९४९ पासून ‘त्सेना’चे, शिधावाटपाचे दिवस आले. त्या टंचाईच्या दशकातच या कुटुंबाने आइस्क्रीमचा नवा व्यवसाय सुरू केला. पुत्र मायकेल तरुण वयातच धंद्यात शिरला. १९९७ साली ‘एलिट’ ही चॉकलेट व कॉफीची नामांकित कंपनी या घराण्याच्या ताब्यात आली, आणि २००१ साली नात ओफ्रा अध्यक्षपदी बसली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अस्थिर काळात लहान धंद्यास भांडवलाइतकाच आधार असतो तो पगार न मागणाऱ्या हातांचा आणि उरलेल्याचे मोल ओळखणाऱ्या नजरेचा. मात्र पगार न मागणाऱ्या हातांचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. हिल्डाबाईंचे नाव टिकले. घाण्यापाशी राबलेल्या आपल्या आजी-पणज्यांची नावे कोणत्या वहीत सापडतील? येथे आल्यावर ज्या मातांनी शिवणयंत्रावर वा दुकानाच्या गल्ल्यावर बसून संसार सावरला, त्यांची तरी नोंद व्हावयास हवी. वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि जे सांगतील ते नावानिशी लिहून ठेवा. नाहीतर पुढील पिढीस केवळ ‘तेली’ हा शब्द उरेल, माणसे उरणार नाहीत.