पूल बुडण्याआधीचा निरोप

माझा मामा भामरागडला शिक्षक होता. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं, की त्या भागाचा गडचिरोलीशी संपर्क तुटायचा. फोनही बंद पडायचा. मग चंद्रपूरला आमच्या घरी एकच चर्चा : शेवटचा फोन आला तेव्हा तो काय म्हणाला?

पुढे पुण्यात नोकरी करताना हाच प्रश्न मला मशीनबद्दल पडला. आमच्या क्लस्टरमधलं एक मशीन रात्री अधूनमधून गप्प व्हायचं. सकाळी लॉग उघडावा, तर बंद पडण्याआधीची एकही संशयास्पद ओळ नाही. त्यावर माझा प्रोग्राम चालायचा, त्यामुळे सगळी बोटं माझ्याकडे.

ही अडचण जुनी आहे. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळातला एक किस्सा मल्टिक्सवर काम करणारे टॉम व्हॅन व्लेक सांगतात. चुका सावरण्यासाठीच आपला निम्मा कोड खर्च होतो, असं ते डेनिस रिचींना म्हणाले. रिचींचं उत्तर साधं होतं : आम्ही ते सगळं गाळलं. गडबड झाली की ‘पॅनिक’ नावाचं फंक्शन मशीन थांबवतं, आणि आम्ही बाहेर ओरडून सांगतो, रीबूट करा रे!

एकच मशीन आणि हाकेच्या अंतरावर माणूस, तोवर हे ठीक होतं. पण २००७च्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आलेला, पुण्यातला टाटांचा ‘एका’ घ्या. त्यात सुमारे १,८०० मशीन होती. समजा, एक मशीन पाच वर्षांतून एकदाच कोसळतं. तरी १,८०० मशीनमध्ये जवळजवळ रोज एक कोसळणार. प्रत्येकाला स्क्रीन कुठून लावणार? सिरियल केबल जोडता येते, पण मग केबलचं जंगल होतं.

लॉग डिस्कवर का उमटत नाही? कारण कर्नल कोसळला, की फाइल लिहिणारी यंत्रणाच भरवशाची राहत नाही. २००१ साली रेड हॅटमधल्या इंगो मोल्नार यांनी यावर ‘नेटकन्सोल’ लिहिलं : कर्नलने आपले शेवटचे शब्द थेट नेटवर्कवरून शेजारच्या मशीनला पाठवायचे. २००३ मध्ये मॅट मॅकॉल यांनी ते लिनक्स २.६ वर आणलं आणि त्याखाली ‘नेटपोल’ हा पाया घातला.

एरवी नेटवर्क कार्ड इंटरप्ट देऊन कर्नलला हाक मारतं. कोसळताना इंटरप्ट बंद असू शकतात, म्हणून नेटपोल स्वतःच कार्डाकडे पुन्हा पुन्हा डोकावतं. निरोप कुणाला द्यायचा, तो पत्ता आधीच लिहिलेला असतो. पॅकेटसाठी थोडी मेमरीही राखून ठेवलेली असते. आमच्याकडे दुर्गम गावांत पावसाळ्यापुरतं रेशन आधीच पोचवून ठेवतात, तसंच हे. पूर आल्यावर ट्रक निघत नाही.

निरोप जातो यूडीपीने, म्हणजे पोचपावती न मागता. मरणाऱ्याला उत्तराची वाट पाहायला वेळ नसतो. अर्थात एखादी ओळ वाटेत हरवू शकते, आणि नेटवर्क कार्डच बिघडलं तर काहीच येत नाही. मजकूर उघडा जातो, त्यामुळे हे आतल्या नेटवर्कपुरतंच वापरावं. २००५ मध्ये लिनक्समध्ये ‘केडम्प’ आलं. ते दुसरा कर्नल आधीच तयार ठेवून कोसळलेल्या मशीनच्या मेमरीचं चित्रच जपतं. तरी चार ओळी लगेच हव्या असतील, तर नेटकन्सोल आजही कामाला येतं.

मी ते लावलं. तिसऱ्या रात्री दुसऱ्या मशीनवर वीस-पंचवीस ओळी येऊन पडल्या. फंक्शनांची साखळी थेट डिस्क कंट्रोलरच्या ड्रायव्हरपाशी जात होती. डिस्कवर लॉग का नव्हता, तेही कळलं : लिहिणाराच आधी पडला होता. ड्रायव्हर बदलला आणि मशीन पुन्हा गप्प झालं नाही. माझ्याकडची बोटं खाली आली. सॉरी मात्र कुणी म्हणालं नाही.

त्या रात्रीपासून एक सवय लागली. नवीन मशीन आलं, की त्यावर काही चालवण्याआधी मी त्याचा निरोप ऐकणारं मशीन सुरू करतो. ऐकणारा नंतर जागा होऊन उपयोग नाही. आई पावसाळ्यात फोनजवळच बसून असायची, ते आता कळतं.