टांकसाळीतून आलेलं सूत्र

‘मोल = संहती × आकारमान’ हे सूत्र अकरावी-बारावीत पाठ होतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं. त्याच्या मागे कापड गिरणी आहे, टांकसाळ आहे, हे पुस्तकात येत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या रूआं शहरात कापड क्लोरीनच्या पाण्याने शुभ्र करू लागले. पाणी कडक झालं तर कापड विरायचं, सौम्य पडलं तर पिवळेपणा जायचा नाही. तिथल्या देक्रुआझी या रसायनज्ञाने त्यावर तोड काढली: हे पाणी किती निळीचा रंग घालवतं, ते खुणा केलेल्या काचेच्या नळीत मोजायचं.

खरी उडी मारली ती रसायनज्ञ गे-ल्युसाकने, पॅरिसच्या टांकसाळीत. चांदीचा कस तोवर भट्टीत, शिशासोबत तापवून काढत. थोडी चांदी मुशीत मुरे, थोडी उडून जाई आणि कस खऱ्यापेक्षा कमी भरे. सरकारी नाण्याच्या बाबतीत ही बारीक चूकसुद्धा महाग होती. 1830च्या सुमारास त्याने भट्टी सोडून मिठाचं पाणी हाती घेतलं. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची, मग बाटलीत मिठाचं द्रावण सोडायचं. पांढरा साका धरतो. बाटली जोरात हलवली की साका तळाशी बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. त्यात पुन्हा थोडं द्रावण. गढूळ झालं, तर चांदी अजून शिल्लक आहे. शेवटी दहापट सौम्य द्रावण वापरायचं, त्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम चांदी.

मूळ द्रावण असं बेतलेलं होतं की 100 मिलिलिटरला बरोबर 1 ग्रॅम चांदी साक्यात उतरावी. गुणाकाराची गरजच नव्हती, नळीवरचा आकडा हेच उत्तर. मला ही युक्ती फार देखणी वाटते. तिची अडचण एकच, ती बाटली फक्त चांदीच्या कामाची. दुसरा पदार्थ आला की दुसरी बाटली, दुसरा हिशेब.

जर्मनीच्या मोर या रसायनज्ञाने 1855च्या आपल्या ग्रंथात सममूल्यभारावर (अभिक्रियेत एकमेकांना पुरणाऱ्या वजनांवर) बेतलेली ‘नॉर्मल’ द्रावणं रूढ केली आणि बाटल्यांची ही गर्दी बरीच ओसरली. 1890च्या दशकात रसायनज्ञ ओस्टवाल्डने ‘मोल’ दिला, आणि कुठलीही बाटली कुठल्याही अभिक्रियेच्या हिशेबात बसू लागली.

आता गे-ल्युसाकचंच द्रावण सूत्रात घालून पाहा. लिटरला साधारण 5.42 ग्रॅम मीठ, मिठाचा मोलभार 58.44, म्हणून संहती 0.0927 मोल प्रति लिटर. आकारमान 0.1 लिटर. गुणाकार 0.00927 मोल मीठ. मिठाचा एक मोल चांदीचा एक मोल साक्यात उतरवतो, म्हणून चांदीही तेवढेच मोल. चांदीच्या 107.87 या मोलभाराने गुणा, 1 ग्रॅम येतो. शिक्षकांनी हे सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी हे एक उदाहरण वर्गात जरूर सोडवून घ्यावं.