मालिशवाली खाला आणि टाक्यांचं पोट

दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीचं सिझेरियन झालं. तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली मालिशवाली खाला तेलाची बाटली घेऊन दवाखान्यात आली. माझ्या अम्मीच्या बाळंतपणांत हिच्याच आईनं मालिश केली होती. नर्सनं दारातच सांगितलं, ‘पोटाला हात लावायचा नाही, टाके आहेत.’ खाला बाहेरच्या बाकावर बसली आणि मला म्हणाली, ‘भाई, पोट नाही चोळायचं, तर बाळंतिणीची मालिश करायची तरी कशी?’

तिचा प्रश्न खरा होता. बाळंतिणीच्या मालिशीची परंपरा फार जुनी. बाळंतिणीच्या पोटाला तूप-तेल लावून ते स्वच्छ, मोठ्या कापडानं गुंडाळावं, असं चरकसंहितेत सांगितलं आहे. इब्न सीनानं आपल्या ‘अल्-कानून’ या ग्रंथात मालिशीचे कठीण, मऊ असे प्रकार सांगितले. हे ज्ञान घराघरांतल्या सुईणींच्या हातात उतरलं. पण त्यांच्यासमोरची बाळंतीण नैसर्गिकरीत्या मोकळी झालेली असे.

पोट फाडून बाळ काढणं माहीत होतं, पण ते बहुधा आई गेल्यावर किंवा जाण्याच्या बेतात असताना. गर्भाशयावरचा छेद बऱ्याचदा न शिवताच सोडत. रक्तस्राव नाहीतर जंतुसंसर्ग आईचा जीव घेई. १८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी गर्भाशय नीट शिवून घेण्याची पद्धत मांडली. पुढे निर्जंतुकीकरण, रक्त आणि प्रतिजैविकं आली. म्हणजे, पोटावर टाके असलेली, दुखण्यानं कण्हणारी, पण जिवंत असलेली आई ही इतिहासात फार उशिरा आली. खालाच्या आजीला ती भेटलीच नव्हती.

आज मात्र ती घरोघरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सिझेरियनचं प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते २१.५ टक्के झालं.

मग जुन्या हातांनी काय करावं? १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी एक सिद्धान्त मांडला. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे, चोळण्याचे संदेश तिथं पोचले की वेदनेची वाट अरुंद होते. मुलाचा गुडघा फुटला की आई भोवती चोळते, ते उगाच नव्हे. इराणमध्ये सिझेरियन झालेल्या स्त्रियांच्या हातापायांना मालिश करून पाहिली गेली. त्यानं वेदना कमी झाल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. असे अभ्यास लहान आहेत. मालिश औषधाच्या जोडीला असते, औषधाऐवजी नाही.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. खालानं त्यांनाच विचारलं. त्यांनी दोन्ही पाय तपासले. ‘एकच पाय सुजला, दुखला तर हात लावू नका, रक्ताची गुठळी असू शकते,’ असं बजावलं आणि हातापायांची मालिश करायला परवानगी दिली.

खालानं वीसेक मिनिटं तळवे, पोटऱ्या, मनगटं हलक्या हातानं चोळली. दुखणं काही पळालं नाही, रात्रीची गोळी लागलीच. पण त्या संध्याकाळी लेकीनं बाळाला पहिल्यांदा स्वतःहून मागून जवळ घेतलं.

आता खाला कुणाच्याही घरी गेली की तेलाची बाटली उघडण्याआधी विचारते, ‘टाके आहेत का गं?’