मज्जासंस्था, मानवी

शरीराच्या आतबाहेर काय चालले आहे याची वर्दी घेणारी, तिचा अर्थ लावणारी आणि स्नायूंना व ग्रंथींना हुकूम देणारी यंत्रणा. शालेय पुस्तकांत तिला चेतासंस्था म्हणतात. मेंदू व मेरुरज्जू हा तिचा मध्यवर्ती भाग. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या 12 आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या 31 जोड्या हा परिघीय भाग. हृदयाची गती, पचन, घाम ही कामे स्वायत्त शाखा आपल्याला न विचारता पाहते.

चेतापेशी हे तिचे एकक. एकट्या मेंदूत अशा सुमारे 8,600 कोटी पेशी आहेत. आखूड वृक्षिका संदेश घेतात, लांब अक्षतंतू तो पुढे नेतो. कमरेतून पायाच्या बोटापर्यंत जाणारा तंतू मीटरभर भरतो. सोडियमचे आयन तंतूच्या आत शिरतात, पोटॅशियमचे बाहेर पडतात आणि विद्युतलहर पुढे सरकते. तंतूच्या टोकाशी रसायन झिरपते व पुढची पेशी जागी होते. मायलिनचे वेष्टन असलेल्या जाड तंतूंतून लहर सेकंदाला 100 मीटरपर्यंत धावते, वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंतून जेमतेम मीटरभर. तव्याला बोट लागले की मेरुरज्जूच्या हुकमाने हात आधी मागे येतो आणि जळजळ मागाहून कळते, ती यामुळेच.

ही यंत्रणा किती बारीक काम करते हे पाहायचे तर सुरतेच्या हिऱ्याच्या कारखान्यात जावे. घंटीवर, म्हणजे पैलू पाडण्याच्या यंत्रावर, बसलेला रत्नकलाकार हिरा फिरत्या चाकाला टेकवतो, उचलतो, भिंगाखाली धरतो, पुन्हा टेकवतो. डोळा पैलू तपासतो. बोटांच्या त्वचेतील आणि स्नायूंतील ग्राहक दाबाची व ताणाची खबर देत राहतात, आणि लहान मेंदू (अनुमस्तिष्क) हातातली चूक होता होताच सावरतो. मेंदूच्या संवेदी पट्ट्यात बोटांना सगळ्या पाठीपेक्षा कितीतरी मोठी जागा आहे. ‘हात बसला’ असे आपण म्हणतो, पण बसलेला असतो तो मेंदू: वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याच्या पेशींमधले जोड पक्के झालेले असतात.

सुरतेचे नाव या विषयाशी आणखी एका, अधिक गंभीर कारणाने जोडले गेले आहे: मेंदूमृत्यूनंतरचे अवयवदान. मेंदूच्या तळाशी अंगठ्याएवढा जाड मस्तिष्कस्तंभ असतो. श्वासाची आज्ञा तिथूनच सुटते. अपघाताने किंवा रक्तस्रावाने तो कायमचा थांबला, तरी कृत्रिम श्वासावर हृदय काही काळ धडधडत राहते, कारण ठोक्याचा उगम हृदयातच आहे. छाती हलते, अंग ऊबदार लागते. तरीही तो माणूस गेलेला असतो, आणि नातेवाइकांना हे पटवणे हे वैद्यकातील सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे. भारतात 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने या अवस्थेला, म्हणजे मेंदूमृत्यूला, मृत्यू मानले. चार डॉक्टरांचे मंडळ, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासणी करते. बुबुळावर प्रकाश टाकतात, डोळ्याला कापूस लावतात, कानात थंड पाणी सोडतात. शेवटी श्वासयंत्र काढून प्राणवायू देत छाती आपणहून उठते का ते पाहतात. प्रतिसाद कशालाच नसावा लागतो.

अशा मृत्यूनंतरच्या अवयवदानात सुरतेतील कुटुंबांनी आणि ‘डोनेट लाइफ’ या तिथल्या संस्थेने मोठे काम केले आहे. डिसेंबर 2015 मध्ये सुरतेहून हृदय विमानाने मुंबईला गेले. ऑक्टोबर 2021 मध्ये 14 वर्षांच्या मेंदूमृत मुलाचे दोन्ही हात मुंबईत पोहोचले आणि पुण्याच्या एका तरुणाला बसवले गेले. अशा दानासाठी घरच्यांची संमती लागते. म्हणून आपली इच्छा त्यांना वेळीच सांगून ठेवावी.

दुसऱ्याच्या हातात जीव कसा येतो, हे परिघीय चेतांच्या एका गुणावर अवलंबून आहे. मध्यवर्ती भागातला तुटलेला तंतू सहसा पुन्हा वाढत नाही. मेरुरज्जूच्या दुखापतीने आलेले पांगळेपण बहुधा कायमचे राहते ते म्हणून. हातापायांतले तंतू मात्र वाढतात. शल्यविशारद हाडे, रक्तवाहिन्या, स्नायूबंध आणि चेता जोडतात. रक्त लगेच वाहू लागते, बोटे गुलाबी होतात, पण जोडापलीकडचे दात्याचे तंतू झडून नुसती वेष्टने उरतात. त्या रिकाम्या नळ्यांतून रुग्णाचे स्वतःचे तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर पुढे सरकतात. जोड मनगटाच्या वर 10 सेंटिमीटरवर असेल, तर बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर 30 सेंटिमीटरच्या आसपास भरते. हा प्रवास दहा महिन्यांचा. तोवर त्या बोटांना तव्याचा चटकाही कळत नाही. हात डोळ्यांनीच सांभाळावा लागतो.